घडीचा ऑर्गन मोडीत घालू नका

गेल्या उन्हाळ्यात फैजपूर येथील एका जुन्या घराचा माळा मोकळा करण्यात आला. भावाभावांच्या वाटण्या झाल्या होत्या, घर पाडून नवे बांधावयाचे होते, आणि माळ्यावरील सामान एकामागून एक दाराशी उभ्या असलेल्या भंगाराच्या हातगाडीवर चढत होते. त्यात पितळी कोपऱ्यांची, प्रवासी ट्रंकेएवढी एक लाकडी पेटी होती. हातगाडीवाल्याने ती उघडली तेव्हा आतून घडीचे पाय, पायाने दाबावयाच्या दोन फळ्या आणि पिवळ्या पडलेल्या पट्ट्यांची एक ओळ बाहेर आली. तो घडीचा ऑर्गन होता. तो घरात कोणी आणिला, कोण वाजवीत असे, हे घरातील एकासही सांगता येईना. हातगाडीवाल्याने लाकडाचा एक व पितळेचा दुसरा असे दोन भाव सांगितले आणि व्यवहार पुरा झाला. आम्ही तेथे पोहोचलो तेव्हा सूर उपटून वेगळ्या पिशवीत भरले गेले होते. वाद्य गेले होते. पितळ तेवढे उरले होते.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस हा प्रसंग क्षुल्लक वाटेल. एक जुने, किडके, कोणाच्याही उपयोगी न पडणारे खोके मोडीत गेले, त्यावर एवढी शाई कशास खर्चावी, असे ते विचारतील. हा लेख त्यांच्याचसाठी आहे. वस्तू जुनी झाली एवढ्यानेच ती पूज्य होते असे आम्ही मानीत नाही. जुने पुष्कळ काही टाकण्याजोगे असते आणि ते वेळीच टाकले नाही म्हणून आमच्या समाजाचे नुकसान झाले आहे. परंतु काय टाकावे व काय राखावे हे वजनकाट्याने ठरविण्याची जी नवी रीत पडू पाहत आहे, तिला आमचा विरोध आहे.

प्रथम हे वाद्य काय आहे ते पाहू. पितळेच्या एका पट्टीस चीर पाडून तीवर पितळेचीच पातळ जीभ एका टोकाशी घट्ट बसवावयाची, आणि तीवरून वारा सोडावयाचा. जीभ थरथरते आणि तिच्या लांबीजाडीप्रमाणे तिचा एकच एक सूर निघतो. पेटी, बाजा, पायपेटी, नाटकातील मोठा ऑर्गन, ही सारी याच एका युक्तीची लेकरे होत. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबें याने १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. युरोपीय हार्मोनियममध्ये भात्याने वारा सुरांवर दाबला जातो, तर अमेरिकन ऑर्गनमध्ये तो सुरांतून आत ओढला जातो. त्यामुळे दुसऱ्याचा नाद काहीसा मऊ लागतो. हे मोठे ऑर्गन म्हणजे घरातील कपाटच; ते एकदा जेथे ठेवावे तेथून हलावयाचे नाहीत. ज्यास गावोगाव हिंडावयाचे त्याने काय करावे? शिकागो येथील पीटर बिलहॉर्न नावाच्या एका गायक धर्मप्रचारकास हीच अडचण पडली, आणि त्याच्या कारखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाय, भाता व पट्ट्या एकमेकांत घडी होऊन ट्रंकेसारखा मिटणारा ऑर्गन विकावयास आणिला. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यातील धर्मोपदेशकांसाठी एस्टे कंपनीने असेच घडीचे ऑर्गन बनविले. इकडे कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांनी त्याच एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत मांडी घालून बसणाऱ्या आमच्या गवयास सोयीची, एका हाताने भाता मारावयाची पेटी प्रचारात आणिली. पायाने वाजविण्याचे वाद्य मात्र त्यामुळे नाहीसे झाले नाही. ज्यास दोन्ही हात पट्ट्यांवर हवे होते आणि जो बाजेवर किंवा खुर्चीवर बसून वाजवीत होता, त्याने घडीची पायपेटी सोडली नाही.

आता तिने केले काय? १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या शाकुंतलाने मराठी संगीत रंगभूमी उभी केली. पुढे ऑर्गनचा भरदार सूर या रंगभूमीच्या अंगी इतका मुरला की, तो ऐकू आल्याखेरीज नाट्यपद सुरू झालेसे रसिकांस वाटेना. ज्या बालगंधर्वांच्या गाण्यास पुढे ऑर्गनची अखंड साथ लाभली, त्यांनी गाण्याचे आरंभीचे धडे लहानपणी आमच्याच जळगावात मेहबूब खाँ यांच्यापाशी घेतले, ही गोष्ट खानदेशाने विसरू नये. मिशनऱ्यांनी आपली विलायती भजने गावात नेली ती याच घडीच्या पेटीतून. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी त्या परक्या चालींच्या जागी अभंगाच्या व कीर्तनाच्या वळणाची मराठी गीते दिली, तेव्हा देवळातले भजन आणि प्रार्थनामंदिरातले भजन यांस एकच पेटी साथ करू लागली. वाद्यास जात नसते, धर्म नसतो. ते ज्याचा हात लागेल त्याचे होते.

याहूनही महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. सतारीस, सारंगीस, बिनेस गुरूच्या घरी वर्षानुवर्षे राहावे लागे, आणि ते घर सर्वांस उघडे नसे. पेटीचा सूर कारखान्यातच लागून येतो. शिकणाऱ्याने पट्टी दाबावी आणि सूर हजर. हा तिचा दोष म्हणून सांगतात. परंतु याच दोषामुळे ती त्या हातांत गेली ज्या हातांस दुसरे वाद्य कोणी दिले नसते. पंडित विष्णू दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून गाणे सामान्य गृहस्थाच्या घरापर्यंत आणिले. त्या घरातील मुलीस चार भिंतींच्या आत बसून जे वाद्य शिकता आले ते बहुधा पेटी हेच. आंबेडकरी जलशांनी ढोलकी व पेटी घेऊन वस्त्यावस्त्यांतून स्वाभिमानाचा संदेश दिला. ज्यांस देवळाची पायरी बंद होती, आणि ज्यांच्यासाठी पंढरीचे दार उघडावे म्हणून अमळनेरच्या साने गुरुजींस १९४७ साली उपोषण करावे लागले, त्यांच्या दारात ही पेटी त्याच्या कितीतरी आधी जाऊन बसली होती. आणि तमाशाचा फड! बैलगाडीत कनात, दिवे, ढोलकी यांच्यासह घडी घालून चढणारी पायपेटी नसती, तर रात्रभर चालणाऱ्या त्या खेळास सुराचा आधार कोठून मिळता? सपाट्याने गाडीत चढावी, सपाट्याने उतरावी, आणि धुळीत, थंडीत, उघड्या माळावर हजारो माणसांपर्यंत पोहोचावी, हेच तिचे मोठेपण होते.

कोणी म्हणेल, हे वाद्य मुळात परके व सदोष आहे. ते गेले तर जाऊ द्या. या आक्षेपास आम्ही हसून टाळीत नाही, कारण तो थोरांनी घेतलेला आहे. पेटीच्या बारा पट्ट्या समान अंतराने लावलेल्या असतात. आमच्या रागांतील गंधार, निषाद, धैवत तेवढ्यांत बसत नाहीत. मींड तर तीत नाहीच. याच कारणास्तव आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली, आणि ती १९७१ साली अंशतः उठेपर्यंत तीन दशके या वाद्यास केंद्रांची दारे बंद होती. २०२२ साली अकाल तख्ताने सुवर्णमंदिरातील कीर्तनातून ती टप्प्याटप्प्याने दूर करून तंतुवाद्ये परत आणण्याचा विचार प्रकट केला. तंतुवाद्यांचा उद्धार व्हावा, यात आमचे दुमत नाही.

परंतु दोष दाखविणे व बहिष्कार घालणे यांत अंतर आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केले, आणि क्लेमंट्स नावाच्या सिव्हिलियनाच्या साहाय्याने श्रुतींची हार्मोनियम तयार करविली. ती विद्वानांस पटली नाही. पण दोष दिसल्यावर हातोडा न उचलता कानस उचलावी, ही बुद्धी त्यांची होती. आमच्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम सिद्ध करून तीच वाट पुढे नेली. शिवाय बंदीच्या त्या तीस वर्षांत गावोगावची भजने थांबली काय? फड बंद पडले काय? श्रेष्ठींच्या दिवाणखान्यातून जे वाद्य हाकलले गेले, त्यास रयतेने आपल्या ओसरीवर बसविले. तेव्हा आज त्याचा कैवार घ्यावयाचा तो श्रेष्ठींच्या शास्त्रासाठी नव्हे, तर त्या ओसरीच्या मानासाठी.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा आहे. आता विजेवर चालणारी हलकी वाद्ये निघाली आहेत. त्यांत शंभर वाद्यांचे आवाज आहेत. किल्ली फिरविली की पट्टी बदलते. मग हे जड खोके कोणी वाहावे? फडातल्या वादकाने हलके वाद्य घेतले तर त्यास आम्ही दोष देणार नाही; ज्याच्या पाठीवर ओझे आहे त्यास परंपरेचा उपदेश करणे हा निर्दयपणा होय. पण त्या व्यवहारी गृहस्थास एकच प्रश्न विचारतो. त्या विजेच्या वाद्यातील एक घटक जळाला, तर तो फैजपुरात कोण दुरुस्त करील? बहुधा कोणी नाही. वाद्य पेटीत बंद होईल आणि नवे येईल. पायपेटीचे तसे नाही. तिचे लाकूड सुतारास कळते, भात्याचे कातडे चांभारास कळते, कमान लोहारास वाकविता येते, आणि सूर ज्यास लावता येतो त्याची विद्या दोन वाक्यांत सांगता येते: जिभेचे टोक किंचित घासले तर सूर चढतो, मुळाशी घासले तर उतरतो. ही दोन वाक्ये हातात उतरण्यास मात्र वर्षे लागतात. गावाच्या कारागिरीने जी वस्तू जिवंत राहू शकते, ती वस्तू गेली की तिच्याबरोबर कारागिरीही जाते, हा आमचा मुद्दा आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गोड व म्हणूनच सर्वांत घातक आहे. मोडीत कशास? शहरातील हौशी लोक अशा जुन्या वस्तू चांगल्या किमतीस घेतात. त्यांच्याकडे ती सुखरूप राहील. सुखरूप म्हणजे कशी? आतील भाता काढून टाकलेली, वरून चकाकणारे रोगण फासलेली, उपाहारगृहाच्या दारात फुलदाणी मिरविणारी! देह राखावयाचा आणि प्राण काढून घ्यावयाचा, यास जतन म्हणत नाहीत. शंभर वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक मोलाच्या वस्तू परदेशी नेण्यास १९७२ च्या कायद्याने बंधन घातले आहे; परंतु कायदा वस्तूस सरहद्दीवर अडवू शकतो, तिच्यातून सूर काढू शकत नाही. ते काम आमचेच आहे.

मग करावयाचे काय? नुसत्या हळहळीने काही होत नाही, म्हणून आम्ही चार गोष्टी सुचवितो.

पहिली, मोजदाद. फैजपूर, यावल, सावदा, रावेर या टापूतील भजनी मंडळे, देवस्थाने, प्रार्थनामंदिरे, शाळा व जुनी घरे यांत किती पायपेट्या व घडीचे ऑर्गन उरले आहेत, हे आज कोणासही ठाऊक नाही. फैजपुरात महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यांनी एका दिवाळीच्या सुटीत वही घेऊन दारोदार जावे. वाद्य कोठले, त्यावर कोणत्या कंपनीचे नाव आहे, सूर किती ओळींचे, कोणी आणिले, कोणी वाजविले, आज वाजते की नाही, एवढे लिहून घ्यावे. यास पैसा लागत नाही, पाय लागतात. आणि ज्या आजोबा-आजींस त्या वाद्याची हकीकत ठाऊक आहे ते फार दिवस थांबणार नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

दुसरी, अपाय न करणे. आमच्या खानदेशी उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर कातडे तडकते, सरस सुटतो, लाकूड पिळते. पावसाळ्यात पितळेवर हिरवा चढतो. राहिलेले काम कसर, उंदीर व वाळवी करतात. म्हणून वाद्य माळ्यावरून खाली, भिंतीपासून दूर, उन्हाच्या झळेबाहेर ठेवावे. सुरांस तेल लावू नये, चिंच लावून घासू नये, पॉलिश कागद फिरवू नये. जिभेचा केसाएवढा अंश गेला तरी सूर बिघडतो. धूळ मऊ कुंचल्याने झाडावी. सांधा निखळला तर खिळा मारू नये व आजकालचा न सुटणारा चिकटा वापरू नये. जुना सरस पाण्याने व उबेने पुन्हा सोडविता येतो, म्हणूनच जुन्या कारागिराने तो वापरला होता. आणि काही सुचत नसेल तर काहीच करू नये. अडाणी दुरुस्तीने जितकी वाद्ये मेली आहेत तितकी वाळवीनेही मारली नसतील.

तिसरी, शिष्य. पेटीदुरुस्तीची विद्या ज्यांच्या हातात आहे असे कारागीर आता विरळा आहेत, आणि त्यांची मुले दुसऱ्या धंद्यांत गेली आहेत; त्यांनी जावे, पोट सर्वांस आहे. परंतु औद्योगिक शिक्षणाच्या संस्थांत लाकूडकाम शिकणाऱ्या दोन मुलांस वर्षभर अशा कारागिरापाशी बसविणे, त्या कारागिरास त्याबद्दल शिक्षकाचे वेतन देणे, हे नगरपालिकेस किंवा एखाद्या सहकारी संस्थेस जड नाही. सत्कार करून शाल-श्रीफळ देण्याची आम्हांस भारी हौस. शालीने मुलगा शिकत नाही. गुजरातेतील पालिताण्याने सुरांच्या कारागिरीत नाव मिळविले ते शालीवर नव्हे, रोजच्या कामावर. आणि मुलांबरोबर मुलीही बसवाव्यात. जिच्या आजीने उंबऱ्याआड बसून पेटी शिकली, तिच्या नातीने उघड्यावर बसून ती दुरुस्त करावी, यासारखी दुसरी शोभा नाही.

चौथी गोष्ट सर्वांत कठीण आहे, कारण तीस पैसा नव्हे तर मन लागते. वाद्याची कीव करणारे आम्ही, वादकाकडे कसे पाहतो? तमाशाच्या फडात सारा जन्म पायपेटी वाजविलेला म्हातारा आज आमच्या गावात असेल, तर त्याचे नाव गावास ठाऊक आहे काय? जत्रेच्या रात्री त्याच्या सुरांवर मान डोलवावयाची, आणि सकाळी त्याच्या मुलीच्या सोयरिकीचा विषय निघाला की, ‘फडातले घर’ म्हणून नाक मुरडावयाचे, हा दुटप्पीपणा आमच्या घराघरांत आहे. वृद्ध कलावंतांस शासन मानधन देते. परंतु अर्ज कोठे करावा, दाखला कोणता जोडावा, हे ज्यास कळत नाही त्याच्या हाती ते पोहोचावे कसे? शिकलेल्या तरुणांनी हे अर्ज लिहून द्यावेत. जुने लाकूड काचेच्या कपाटात आणि जुना वादक पारावर उपाशी, असे जतन आम्हांस नको. माणूस आधी, पेटी मागून.

वाचकहो, फैजपूर हे नाव इतिहासात का आहे, हे आम्ही सांगावयास नको. डिसेंबर १९३६ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन प्रथमच एका खेड्यात भरले ते येथे. धनाजी नाना चौधरी व त्यांचे सहकारी राबले. नंदलाल बोस यांनी गावच्या बांबूतून व साध्या सामानातून मंडप सजविला. महात्मा गांधींनी खादी व ग्रामोद्योगांचे प्रदर्शन उघडले. त्या अधिवेशनाची शिकवण काय होती? खेडे म्हणजे केवळ धान्य पिकविण्याची जागा नव्हे, तेथे हात आहेत, आणि त्या हातांत विद्या आहे, ही. त्याच फैजपुरात एका वाद्याचे सूर पितळेच्या भावाने तोलले जावेत, आणि ते कोणाचे होते हे घरच्यांनाही सांगता येऊ नये, हे आम्हांस लागले.

यावर कोणी असे म्हणेल की, शिकागोत किंवा कलकत्त्यास जन्मलेल्या पेटीचा ग्रामोद्योगाशी संबंध काय? संबंध हा की, वस्तू कोठे जन्मली यापेक्षा ती कोणी जगविली हे आम्ही अधिक मानतो. आमच्या केळीच्या बागेतील पंपाचे यंत्रही परदेशात प्रथम निघाले. ते आज आमचे आहे, कारण ते बिघडले तर आम्ही उघडतो, जोडतो आणि पुन्हा चालवितो. पेटीचेही तसेच. ज्या दिवशी आमच्या गावात ती दुरुस्त करणारा उरणार नाही, त्या दिवशी ती पुन्हा परकी होईल.

सारांश, आपल्या घराच्या माळ्यावर अशी एखादी मिटलेली पेटी असेल, तर हातगाडीची घंटा ऐकताच ती खाली ढकलू नका. ती उघडा. पाय सोडा. फळीवर हळूच पाय ठेवा. भाता फाटलेला असला तर नुसता वारा सुसकारेल. पण एखादा सूर अजून शाबूत असेल तर तो बोलेल. मग घरातील सर्वांत वृद्ध माणसास जवळ बोलवा आणि विचारा, हे कोण वाजवीत असे? त्या उत्तरात कोणा आत्याचे, कोणा गड्याचे, कोणा फिरत्या भजनीबुवांचे नाव निघेल. ते नाव लिहून ठेवा. जतनाचा आरंभ तेथून होतो.